सुदानच्या नागरिकांसाठी गोव्यात बसून काय करता येईल?

प्रश्न फोंड्याच्या एका वाचक मंडळाचा आहे. पंधरा-वीस माणसं, त्यांत निवृत्त शिक्षक जास्त, दोन वकील, आणि एक जहाजावरची नोकरी संपवून घरी आलेला तारवटी. सुदानमधल्या यादवीच्या आपल्या पेपरांत चार ओळी येतात, त्याही आतल्या पानावर. पणजीच्या आझाद मैदानावर मेणबत्त्या लावाव्यात, निधी जमवावा की सरकारला पत्र लिहावं, आणि यातल्या कशानेही तिथल्या माणसाच्या पदरात काही पडतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

पडतं, पण मागणी नेमकी असेल तर. 'सुदानमध्ये शांतता नांदावी' ही प्रार्थना झाली. ती कुणाच्याच टेबलावर जात नाही, कारण ती पुरी करणं हे कुणाचंच काम नाही. 'अमुक अधिकाऱ्याने अमुक तारखेच्या आत अमुक कागदावर सही करावी' ही मागणी. शेजारच्या चाड देशातून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतात शिरणारा अद्रेचा नाका बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानच्या लष्करी सरकारने तिथून मदत न्यायला मनाई केली. 'युद्ध थांबवा' असं सगळं जग म्हणत होतं, त्याने काही हललं नाही. 'अद्रे उघडा' हे दोन शब्द मात्र मदतसंस्था आणि राजनैतिक प्रतिनिधी महिनोन्महिने घोकत राहिले. १ ऑगस्ट २०२४ ला उत्तर दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत उपासमारीची शेवटची पायरी गाठल्याचं जाहीर झालं आणि १५ ऑगस्टला नाका उघडण्याची घोषणा झाली. सगळं श्रेय घोकण्याला देता येणार नाही. पण उघडण्याजोगी एक वस्तू आणि ती उघडू शकणारी एक सही, असं समोर असलं की दबाव कुठे टाकायचा हे तरी कळतं.

परिस्थिती थोडक्यात. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' ऊर्फ आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात जुंपली. लष्कराचा प्रमुख अब्देल फताह अल-बुऱ्हान, आरएसएफचा मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेत्ती म्हणतात. दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती. पुढे आरएसएफ लष्करात कधी आणि कुणाच्या हाताखाली विलीन करायचं यावरून फाटलं. आरएसएफची मुळं २००३ पासून दारफूरमध्ये गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांत आहेत. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात, आणि युद्ध सुरू झाल्यापासून एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं.

एल फाशेर हे उत्तर दारफूरचं मुख्य शहर. मे २०२४ पासून आरएसएफने त्याला वेढा घातला. १३ जून २०२४ ला सुरक्षा परिषदेने ठराव २७३६ करून वेढा उठवायला सांगितलं, तो उठला नाही. २०२५ मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रांत शहराभोवती मातीचा बांध वाढताना दिसू लागला, आणि ऑगस्टअखेर तो ३१ किलोमीटरच्या पुढे गेला होता. बांध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाजनाचा बांध येतो, खारं पाणी शेतात शिरू न देणारा. हा बांध माणसं बाहेर पडू नयेत आणि धान्य आत जाऊ नये म्हणून घातलेला. आत अंदाजे २ लाख ६० हजार नागरिक, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या अख्ख्या बार्देश तालुक्याहून जास्त. ते खात होते 'अंबाज', म्हणजे भुईमुगाचं तेल गाळल्यावर उरणारी पेंड, जी आपण गुरांपुढे टाकतो. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडलं. दोन दिवसांनी तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून जास्त रुग्ण आणि सोबतची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं.

शहर पडण्याआधी सतरा महिने हा वेढा सगळ्या जगाला दिसत होता. बांधाची लांबी किलोमीटरमध्ये मोजून छापली जात होती. त्यामुळे 'जनजागृती' एवढंच ध्येय ठेवून काम करू नका. सरकारकडे पोचलेल्या माहितीचं काय झालं हे विचारणारे कमी आहेत, आणि ते काम फोंड्यातून होतं.

पत्र लिहायला बसाल तेव्हा पहिली ठेच शब्दांना लागेल. 'फॅमिन'ला आपण सहज दुष्काळ लिहितो, पण मराठी वाचकाच्या मनात दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणं, सरकारने आणेवारी लावणं, टँकर. वाचणारा मनात म्हणतो, निसर्गाचा कोप, कुणाचा दोष? सुदान स्वतः ज्वारी आणि भुईमूग पिकवणारा मोठा देश आहे. माणसं उपाशी आहेत ती रस्ते अडवल्यामुळे, बाजार लुटल्यामुळे, पेरणीच्या वेळी गाव सोडावं लागल्यामुळे. म्हणून 'लादलेली उपासमार' लिहा. 'विस्थापित' शब्दाचंही तसंच. गोव्यात तो ऐकला की साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी आठवतं. तिथल्या लोकांना निदान नोटीस मिळाली होती. देशातल्या देशात पळालेला तो विस्थापित आणि सीमा ओलांडलेला तो निर्वासित, हा फरक पाळा, कारण दोघांचे कायदेशीर हक्क वेगळे आणि त्यांच्यासाठी जबाबदार यंत्रणाही वेगळ्या.

उपासमारीची पायरी ठरवायचं मोजमाप ठरलेलं आहे. पाच टप्प्यांची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. एखाद्या भागाला पाचव्या टप्प्यात टाकायला तीन कसोट्या लागतात: किमान २० टक्के घरांत अन्नाचा टोकाचा तुटवडा, किमान ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर १०,००० माणसांमागे दिवसाला किमान २ मृत्यू. मोजणी करणाऱ्यांना आत जाऊ दिलं नाही तर ही कसोटी सिद्धच होत नाही, हे ध्यानात ठेवा. 'अजून जाहीर झालेलं नाही' याचा अर्थ 'अजून वेळ आहे' असा कधीच काढू नका.

सभेत आकडे वाचून दाखवण्यापेक्षा दंडाचा घेर मोजायची पट्टी आणा. आपल्या अंगणवाडी ताईकडे ती असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. पट्टी लाल खुणेपर्यंत ओढून टेबलावर ठेवा. त्या वेढ्याचा व्यास पावणेचार सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. अशा मुलाला शेंगदाण्याची पोषक पेस्ट देतात: ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. एका खोक्यात १५० पाकिटं, म्हणजे साधारण एका मुलाचा सहा ते आठ आठवड्यांचा पूर्ण उपचार. पावणेचौदा किलोचं एक खोकं नाक्यावर अडलं की एक मूल अडलं. हे वाक्य श्रोत्याच्या लक्षात राहतं, टक्केवारी राहत नाही.

मृतांच्या आकड्याबाबत फार सांभाळा. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेला अंदाज आहे ६१,००० हून जास्त मृत्यूंचा. तो फक्त खार्टूम राज्याचा, पहिल्या चौदा महिन्यांचा आणि सर्व कारणांनी आलेल्या मृत्यूंचा. त्यात हिंसेने मेलेले सुमारे २६,०००. पण तो 'सुदान युद्धात ६१ हजार ठार' असा छापला जातो, आणि तिथे तीन चुका एकदम होतात. मंत्रालयातला कारकून हुशार असतो. एक आकडा चुकीचा सापडला की तो तेवढाच खोडून उत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. प्रत्येक आकड्यासोबत कुठला भाग, कुठला काळ आणि कुणी मोजला, या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा गाळा.

आता प्रत्यक्ष काम. गोव्याकडे लोकसभेच्या दोन जागा आणि राज्यसभेची एक, असे तीन खासदार. परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे केंद्राच्या सूचीत, म्हणून विधानसभेच्या मागे फार लागू नका. तिथला ठराव फार तर केंद्राला शिफारस करतो. ग्रामसभेत तर नकोच. कचरा, नळाचं पाणी आणि जमीन रूपांतर यातच तिचा रविवार सरतो, आणि सुदानचा ठराव मांडणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर पुढे वर्षभर टिकते.

खासदाराकडून हवा असतो अतारांकित प्रश्न. तारांकिताची हौस बाळगू नका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न निवडले जातात, तेही चिठ्ठ्या टाकून, आणि सभागृह तहकूब झालं की तोंडी उत्तर गेलं. अतारांकित दिवसाला २३० पर्यंत घेतात, उत्तर लेखी मिळतं आणि कायमचं नोंदीवर राहतं. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाचे वार ठरलेले असतात. अलीकडच्या अधिवेशनांत लोकसभेला शुक्रवार आणि राज्यसभेला गुरुवार. अधिवेशनाचं वेळापत्रक लागलं की तारखा मोजा आणि मसुदा तीन आठवडे आधी खासदाराच्या स्वीय सचिवाच्या हातात द्या. खासदाराच्या नाही, सचिवाच्या. टंकलिखित, एका पानाचा, इंग्रजी किंवा हिंदीत, जसाच्या तसा पोर्टलवर टाकता येईल असा.

नियम कडक आहेत आणि बहुतेक प्रश्न तिथेच गारद होतात. मर्यादा १५० शब्दांची. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मत विचारता येत नाही, काल्पनिक परिस्थिती मांडता येत नाही. मित्रराष्ट्राबद्दल अनुदार उल्लेख असेल तर प्रश्न नाकारला जातो, म्हणजे आखातातल्या एखाद्या देशावर बोट ठेवलेला प्रश्न सभागृहापर्यंत पोचतच नाही. एका प्रश्नात दोन मंत्रालयं मिसळू नका: शिष्यवृत्ती परराष्ट्र मंत्रालयाकडे, व्हिसा गृह मंत्रालयाकडे, जहाजांचा विषय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाकडे. मसुदा साधारण असा उतरतो:

'परराष्ट्र मंत्री कृपया सांगतील काय:
(अ) एप्रिल २०२३ पासून सुदानमधील नागरिकांसाठी भारताने दिलेल्या मदतीचा वर्षनिहाय तपशील, वस्तू, रक्कम आणि ज्या संस्थेमार्फत ती दिली तिच्या नावासह;
(आ) मंजूर झालेल्या पण अद्याप न पोचलेल्या मदतीचा तपशील आणि विलंबाची कारणं;
(इ) भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या सुदानी विद्यार्थ्यांची संख्या, आणि युद्धामुळे ज्यांची मुदत वाढवली त्यांची संख्या;
(ई) एल फाशेर येथील घटनांबाबत भारताने संयुक्त राष्ट्रांत केलेली निवेदनं, तारखांसह?'

यात एकही विशेषण नाही, तरी उत्तर देणाऱ्याला चार फायली उघडाव्या लागतात. (आ) हा कळीचा भाग. 'मदत दिली' आणि 'मदत पोचली' यांमधली दरी सरकारी उत्तरात आपोआप झाकली जाते, विचारली तरच दिसते. सोबतच्या पत्राची सुरुवात ऑपरेशन कावेरीने करा. एप्रिल-मे २०२३ मध्ये भारताने ३,८०० हून जास्त लोकांना पोर्ट सुदान आणि जेद्दामार्गे बाहेर काढलं, आयएनएस सुमेधा त्यात होती. सरकारला ज्याचा अभिमान आहे तिथून सुरुवात केली की पुढचा परिच्छेद वाचला जातो.

प्रश्न नाकारला गेला किंवा उत्तर गुळगुळीत आलं तर माहितीचा अधिकार. ऑनलाइन अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे नेहमीची चूक अशी, की लोक 'भारताचं सुदानविषयक धोरण' मागतात आणि कलम ८(१)(अ) खाली, म्हणजे परराष्ट्रांशी संबंध बिघडतील म्हणून, एका ओळीत नकार घेऊन बसतात. धोरण मागू नका. रक्कम, तारीख, मालवाहतुकीची पावती, वजन मागा. तांदूळ किती टन गेला हे सांगितल्याने कुणाशी संबंध बिघडत नाहीत, आणि पहिल्या अपिलात हाच मुद्दा मांडता येतो.

दुसरा धागा जिनिव्हाचा. २०२६ ते २०२८ या काळात भारत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेचा सदस्य आहे. या परिषदेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुदानसाठी स्वतंत्र सत्यशोधन पथक नेमलं, आणि त्याची मुदत वाढवायची की नाही यावर आजवर शरद ऋतूतल्या अधिवेशनात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, मतदान होत आलं आहे. भारताचं धोरण देशविशिष्ट ठरावांपासून लांब राहण्याचं असतं, तेव्हा 'बाजूने मत द्या' असं सरळ मागून फारसं हाती लागणार नाही. 'विरोधात जाऊ नका आणि मतावरचं स्पष्टीकरण प्रसिद्ध करा' ही मागणी वास्तवात बसते. पत्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयात पोचायला हवं, कारण सूचना त्यानंतर जिनिव्हाला जातात. सप्टेंबरच्या शेवटी लिहिलेलं पत्र फक्त फायलीत लागतं.

पथक कशाला, असं कुणी विचारलं तर अली कुशैबचा खटला सांगा. दारफूरचं प्रकरण सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये, ठराव १५९३ ने, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवलं. या जंजावीद म्होरक्याला २००३-०४ मधल्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवलं गेलं ते ६ ऑक्टोबर २०२५ ला. वीस वर्षांनी साक्षीदार उभे राहू शकले, कारण मध्ये कुणीतरी नावं, तारखा आणि जागा लिहून ठेवल्या होत्या.

पैशाकडे वळू. इथे सद्‌हेतू असलेले गट सर्वांत जास्त अडकतात. सुदानमध्ये आज खरं अन्न शिजवतात ते मोहल्ल्यातले तरुण-तरुणी. त्यांच्या गटांना 'आपत्कालीन प्रतिसाद कक्ष' म्हणतात आणि स्वयंपाकघराला 'तकिया'. मोठ्या भांड्यात डाळ, फूल म्हणजे बाकला, नाहीतर असीदा, म्हणजे ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं एकदम बंद पडली, कारण बराचसा पैसा एकाच नळातून येत होता. त्यांच्यापर्यंत थेट पैसे पाठवायची इच्छा होणं साहजिक आहे. पण ओळखीच्या ओळखीने मिळालेल्या खात्यावर, किंवा आखातातल्या कुणा नातेवाइकाकरवी रोख, हे अजिबात करू नका. आरएसएफ आणि लष्कर दोन्हीकडच्या लोकांवर परदेशी निर्बंध आहेत. सुदानचं नाव दिसलं की बँक व्यवहार अडवते, आणि रोखीचा मार्ग हवाला ठरतो.

तुमचं मंडळ नोंदणीकृत असलं तरी त्याच्या खात्यातून परदेशी मदत पाठवणं जवळजवळ अशक्य समजा. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे (वर्षाला २,५०,००० डॉलर, पॅन आणि ए-२ फॉर्म), न्यासांना आणि संस्थांना ती लागू नाही. धर्मादाय न्यासाने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर प्राप्तिकरातली सूटही धोक्यात येते. म्हणून मंडळाच्या नावाने पेटी फिरवू नका. प्रत्येकाने आपापल्या नावाने, जागतिक अन्न कार्यक्रमाच्या 'शेअर द मील' ॲपवर किंवा निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाकडे, द्यायचं ते द्यावं. चर्चशी जोडलेली माणसं असतील तर कारितास गोवाकडे विचारता येईल, कारितासचं जाळं जगभर आहे. रक्कम लहान असेल, असूदे. २०२५ च्या मदत आराखड्याला ४ अब्ज डॉलरहून जास्त लागणार होते आणि निम्मेही जमले नाहीत. ती तूट फोंड्याच्या वर्गणीने भरणार नाही. ती सरकारांनी भरायची असते, आणि म्हणून वरचा (अ) आणि (आ) प्रश्न पेटीपेक्षा महत्त्वाचा.

छायाचित्रं आणि व्हिडिओ. एल फाशेर पडल्यावर फिरलेल्या अनेक चित्रफिती मारणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या होत्या. त्या पुढे ढकलणं म्हणजे त्यांची जाहिरात फुकटात करणं, शिवाय मृताच्या घरच्यांना ती बातमी तुमच्या व्हॉट्सॲपवरून कळू शकते. जुने दारफूर, सीरिया, अगदी चित्रपटातले प्रसंगही 'सुदान' म्हणून येतात. चित्र उलट शोधून बघा. फलकावरची अक्षरं, इमारतीचा घाट, झाडं, सावल्या जुळतात का ते बघा. जुळवता आलं नाही तर वापरू नका. खरं असलं तरी स्वयंपाकघराचा पत्ता, रांगेतल्या माणसांचे चेहरे, स्वयंसेवकाचं नाव झाका, कारण या स्वयंसेवकांना दोन्ही बाजूंनी पकडलं आहे. अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख उघड होईल असा कोणताही तपशील नको, गाव आणि वय मिळूनसुद्धा नको. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ जे सांगतं तेच इथेही पाळा.

खास गोव्यासाठी एक सूचना, कारण दुसरीकडचे सल्लागार ती देणार नाहीत. तुमच्यापैकी निम्म्यांचं कुणीतरी दुबईत, अबू धाबीत किंवा शारजात असणार. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणावर संयुक्त अरब अमिरातींत जातं, आणि आरएसएफला तिथून शस्त्रं मिळत असल्याचे आरोप विश्वासार्ह वाटतात असं सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ गटाच्या जानेवारी २०२४ मध्ये समोर आलेल्या अहवालात म्हटलं होतं. अमिराती ते साफ नाकारतात. यावर तुम्ही गोव्यात लिहू शकता, लिहावंही, दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवून. पण पुतण्याला टॅग करू नका, भाचीला 'शेअर कर' म्हणू नका. तिथल्या सायबर कायद्याखाली एका शेअरवर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाऊ शकतात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातही हा विषय नको.

तुमच्या तारवटी सदस्याला बाजूला बसवू नका, तुमच्यातला सर्वांत उपयोगी माणूस तोच. मे २०२५ मध्ये पोर्ट सुदानवर ड्रोन हल्ले झाले, इंधनाचे साठे पेटले. 'आफ्रिकेतलं युद्ध' म्हटल्यावर मान फिरवणारा वास्कोतला किंवा सासष्टीतला वाचक 'आमची पोरं ज्या बंदरात लागतात तिथे' म्हटलं की वाचतो. नौवहन महासंचालनालयाकडे वेगळं पत्र जाऊ शकतं: त्या बंदरात लागणाऱ्या जहाजांवरच्या भारतीय खलाशांना काय सूचना दिल्या आहेत, आणि जायला नकार देणाऱ्याचा पगार कापला जातो का. वर सुदानचा डिंक आहेच. जगातल्या अरबी डिंकाचा सर्वांत मोठा उत्पादक सुदान. शीतपेयं, औषधाच्या गोळ्या, शाई यांत तो असतो. आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याच्या हातात बाटली असेल तर उत्तर तिथेच आहे.

भारतात शिकणारे सुदानी विद्यार्थी, पुण्यात बरेच, हे सर्वांत जवळचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम. घरून पैसे बंद, पासपोर्टची मुदत संपलेली, व्हिसा संपत आलेला. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे सगळं परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जावर येऊन ठेपतं. तुमचे दोन वकील इथे लावा. मुदत संपण्याआधी केलेला अर्ज आणि संपल्यावर केलेला अर्ज यांत दंडापासून हकालपट्टीपर्यंतचा फरक पडतो, तेव्हा अशा विद्यार्थ्याशी पहिली भेट झाली की आधी तारीख विचारा, कहाणी नंतर. त्याला सभेत व्यासपीठावर बसवायची घाई नको. त्याचे आईवडील कुणाच्या ताब्यातल्या भागात आहेत ते तुम्हाला माहीत नसतं.

आता आझाद मैदान. परवानगी काढून जरूर बसा, पण तो कार्यक्रम प्रश्नाच्या किंवा पत्राच्या तारखेला जोडा, म्हणजे वार्ताहराला बातमी मिळते: 'मागणीचं निवेदन सादर'. नुसत्या मेणबत्त्यांचा फोटो छापून येतो, मजकूर येत नाही. फलकावर एकच ओळ. मराठी दैनिकांना अडीचशे-तीनशे शब्दांचं पत्र द्या, शनिवारी नको, रविवारच्या पुरवणीच्या ढिगात ते जातं. लिहिताना प्रत्येक कृत्यासमोर करणाऱ्याचं नाव घाला. 'दोन्ही बाजू दोषी' हे वाक्य खरं असूनही कुचकामी आहे. वेढा आणि एल फाशेरची कत्तल आरएसएफची. बाजारांवर विमानातून टाकलेले बॉम्ब आणि अद्रेची मनाई लष्कराच्या बाजूची. सभेत कुणी ना कुणी याला हिंदू-मुसलमान रंग द्यायला उठेलच. दारफूरमध्ये मारणारे आणि मरणारे दोघेही बहुतांशी मुसलमान आहेत, एवढं एक वाक्य अध्यक्षांनी तयार ठेवावं आणि पुढच्या वक्त्याला बोलवावं.

एक जाडजूड वही घाला. पाठवलेलं प्रत्येक पत्र, पोचपावतीचा क्रमांक, कुणाशी फोनवर काय बोलणं झालं, उत्तराची तारीख. असे गट साधारण चौथ्या महिन्यात गळतात, पहिलं गुळगुळीत उत्तर आल्यावर. ते उत्तर वहीत चिकटवा, त्यात न दिलेल्या माहितीखाली लाल रेघ मारा. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न त्या रेघांमधूनच लिहायचा आहे.